बरें वाटणें कशानें मोजावें?

धरमपेठेंतील रस्त्यांवर पहाटे फिरावयास निघणाऱ्या मंडळींत वृद्धांचा भरणा अधिक असतो. कोणी अंबाझरीच्या तलावाकडे जातात, कोणी ट्रॅफिक पार्कला वळसा घालून परततात. त्यांपैकीं एखादा गृहस्थ कांहीं आठवडे दिसेनासा होतो. अर्धांगवायूचा झटका आल्याची वार्ता हिंडत हिंडत सर्वांच्या कानीं येते. आणि मग एके सकाळीं तो काठी टेकीत, मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन, आपल्याच घराच्या फाटकाशीं उभा असलेला आढळतो. येणारे जाणारे थांबतात व 'आतां कसें काय?' म्हणून विचारतात. मुलगा उत्तर देतो, 'पुष्कळ सुधारणा आहे.'

हा 'पुष्कळ' शब्द मोठा सोयीचा आहे. डॉक्टरांच्या मनांत त्याचा अर्थ, रक्तदाब आटोक्यांत आला, हाताचें बळ वाढलें, असा असतो. सुनेच्या लेखीं रात्रीं दोनदां उठून सासऱ्यांस न्हाणीघरापर्यंत न्यावें लागत होतें तें आतां एकदांच न्यावें लागतें, ही सुधारणा. आणि स्वतः तो गृहस्थ? त्यास बहुधा कोणी विचारलेलेंच नसतें. समजा, हा गृहस्थ कचेरींतून निवृत्त झालेला जुना कारकून आहे. त्याची सारी हयात कागदाखालीं सही करण्यांत गेली. त्याला आतां एकच गोष्ट सलते. नोव्हेंबर महिन्यांत पेन्शनसाठीं हयातीचा दाखला द्यावयाचा. त्या कागदावर आपणांस अंगठा उठवावा लागेल काय? चार पावलें अधिक चालतां आलीं म्हणून घरचे आनंदले असतांना हा मनुष्य उदास कां, याचा उलगडा त्यांना होत नाहीं. (२०१४ पासून हा दाखला यंत्रावर बोट टेकूनही देतां येतो आणि तेथें मोठमोठ्या पदवीधरांसही अंगठाच पुढें करावा लागतो, हा काळाचा विनोद खरा, परंतु त्यानें या गृहस्थाचें समाधान होईल असें दिसत नाहीं.)

उपचारानें गुण आला किंवा नाहीं हें मोजावयाचें तर कोणाच्या मापानें, हा प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. इंग्रजी अमदानींतील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल चाळले तर सोडून दिलेल्या रोग्यांचे बरे झालेले, सुधारलेले आणि इतर असे रकाने आढळतात. नागपूरचें मनोरुग्णालय १८६४ सालचें. म्हणजे अशा रकान्यांच्या काळींच तें जन्मास आलें. सुधारलेला म्हणजे काय, हें त्या रकान्यांत शिरलेल्या माणसाला विचारण्याची चाल तेव्हां नव्हती. पुढें १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील बोस्टन शहरीं अर्नेस्ट कॉडमन नांवाच्या शस्त्रवैद्यानें असा आग्रह धरला कीं, शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपलें असें न मानतां प्रत्येक रोग्याच्या नांवाचें एक कार्ड ठेवावें आणि पुढें त्याला पुन्हां बोलावून उपचाराचा खरा शेवट काय झाला तें त्यावर लिहावें. गोष्ट इतकी साधी कीं तींत कोणास आक्षेप घेण्यासारखें काय असावें असें वाटेल. पण आपल्या कामाचा शेवट उघड लिहिला जाणें सर्वांस मानवतेंच असें नाहीं. कॉडमनला आपली मोठ्या रुग्णालयांतील जागा सोडावी लागली.

त्यानंतर मापें आलीं. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध माप १९६५ सालीं फ्लोरेन्स महोनी व डॉरोथिया बार्थेल या दोन स्त्रियांनीं प्रसिद्ध केलें. त्यास बार्थेल निर्देशांक म्हणतात. जेवणें, आंघोळ, केस विंचरणें व दाढी, कपडे घालणें, मलमूत्रावरील ताबा, शौचकूपाचा उपयोग, बिछान्यावरून खुर्चीवर बसणें, चालणें, जिना चढणें अशा दहा बाबी. पांच पांच गुणांच्या पायऱ्या. एकूण गुण १००. कोठल्याही गांवचा रोगी असो, परिचारिकेनें पांच मिनिटें पाहिलें कीं आंकडा तयार. त्यामुळें नागपूरच्या रोग्याची तुलना न्यूयॉर्कच्या रोग्याशीं करतां येते आणि एकाच वॉर्डांतील शंभर रोग्यांचा हिशेब एका पानावर मांडतां येतो. हा उपयोग लहान नव्हे, आणि अशा मापांस नांवें ठेवण्याची जी फॅशन कोठें कोठें आढळते ती उथळ आहे.

तथापि आमच्या कारकुनाच्या सहीला त्या शंभर गुणांत एकही गुण नाहीं. तो उजव्या हातानें जेवूं लागला तर गुण वाढतील. सही आली तरी वाढणार नाहींत, आणि कधींच आली नाहीं तरी कमी होणार नाहींत. उलट शंभरपैकीं शंभर मिळवूनही एखादा माणूस बाजारांत सुट्या पैशांचा हिशेब न जमल्यामुळें घराबाहेर पडण्याचें टाळतो, असेंही घडतें. शाळेंत सर्व मुलांस एकच प्रश्नपत्रिका द्यावी लागते हें ठीक. परंतु ज्या मुलानें तोतरेपणावर मात करून वर्गापुढें कविता म्हणून दाखविली त्याचे गुण कोणत्या प्रश्नाखालीं मांडावयाचे?

या अडचणींतून वाट काढण्याचा एक प्रयत्न १९६८ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत झाला. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन हे दोघे मनोरुग्णांच्या सेवाकेंद्राशीं संबंधित होते. एक रोगी घराबाहेर पडण्यास भितो, दुसऱ्याचें पत्नीशीं पटत नाहीं, तिसरा नोकरी टिकवूं शकत नाहीं. या तिघांना एकाच मोजपट्टीनें मोजणें व्यर्थ आहे असें त्यांना दिसलें. म्हणून त्यांनीं पट्टी प्रत्येकासाठीं वेगळी, पण तिच्या खुणा सर्वांस सारख्या, अशी युक्ति काढली. प्रत्येक उद्दिष्टाला पांच पायऱ्या. ठरविलेल्या मुदतींत जें घडेल अशी प्रामाणिक अपेक्षा आहे तें मधल्या पायरीवर, शून्यावर. अपेक्षेपेक्षां कांहीं अधिक तें अधिक एक, पुष्कळ अधिक तें अधिक दोन. कांहीं कमी तें उणें एक, फारच कमी तें उणें दोन. या पायऱ्या उपचार सुरू होण्यापूर्वीं लिहून ठेवावयाच्या, आणि अशा शब्दांत लिहावयाच्या कीं तिऱ्हाइतानें येऊन पाहिलें तरी रोगी कोणत्या पायरीवर आहे तें त्याला सांगतां यावें.

कारकुनाचें उदाहरण पुढें नेऊं. फिजिओथेरपिस्ट घरीं येतो तेव्हां तो प्रथम हात-पाय वांकवून पाहतो. तें त्याचें कामच आहे. पण समजा, त्यानें खुर्ची ओढून विचारलें, 'काका, तीन महिन्यांनीं कोणती गोष्ट करतां आली म्हणजे तुम्हांला बरें वाटेल?' उत्तर लगेच येईलच असें नाहीं. आजारानें वाचा जड झालेली असते, शिवाय अशा प्रश्नाची संवय नसते. 'तुम्ही सांगाल तें' असें बहुतेक म्हातारे म्हणतात. तेवढ्यानें न थांबतां दोन दिवसांनीं पुन्हां विचारलें तर मात्र सहीची गोष्ट निघते. तिच्यामागून गोकुळपेठेच्या बाजाराची निघते: भाजी स्वतः निवडून आणण्यांत या गृहस्थाचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि तिसरी गोष्ट, अमरावतीला दिलेल्या मुलीशीं फोनवर बोलण्याची.

आतां सहीच्या पायऱ्या पाहा. आज पेन धरतां येतें पण रेघोट्यांपलीकडे कांहीं उमटत नाहीं. हें उणें एक. पेन धरणेंही सुटलें तर उणें दोन. बारा आठवड्यांनीं दुरेघी वहींत स्वतःचें नांव वाचतां येण्याजोगें लिहिलें तर शून्य. बँकेच्या फॉर्मावरील चौकटींत मावेल अशी सही केली तर अधिक एक. आणि ती बँकेंतील जुन्या नमुन्याशीं ताडून बिनतक्रार मान्य झाली तर अधिक दोन. बाजाराच्या पायऱ्या अशाच: आज आधारानें फाटकापर्यंत, म्हणून उणें एक, काठीच्या आधारानें, सोबत कोणी असतां, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यास शून्य, सोबत्यासह बाजारापर्यंत गेल्यास अधिक एक, एकट्यानें जाऊन, भाजी घेऊन, सुटे पैसे मोजून परत आल्यास अधिक दोन. फोनच्या बाबतींत आज सुटे सुटे शब्द, अपेक्षा तीन-चार शब्दांच्या वाक्याची.

बारा आठवडे संपले. समजा, सही अधिक एकवर आली, चालणें अपेक्षेप्रमाणें शून्यावर आलें, बोलणें मात्र उणें एकवरच राहिलें. किरेसुक व शर्मन यांनीं या पायऱ्यांचें एका आंकड्यांत रूपांतर करण्याचें सूत्रही दिलें आहे. सर्व उद्दिष्टें अपेक्षेबरहुकूम साधलीं तर तो आंकडा ५० येतो. तीनही उद्दिष्टांना सारखें वजन दिलें तर या गृहस्थाचा आरंभींचा आंकडा सुमारें ३६ होता. बारा आठवड्यांनंतर अधिक एक व उणें एक परस्परांस छेदतात आणि आंकडा बरोबर ५० येतो. ज्याला एखादें उद्दिष्ट अधिक प्रिय त्याला त्याचें वजन अधिक मांडण्याचीही मुभा आहे.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. पन्नास हा आंकडा वहींत शोभतो. पण अमरावतीची मुलगी फोन ठेवून डोळे पुसते तें त्या पन्नासांत कोठेंही दिसत नाहीं. शिवाय उणें दोनवरून उणें एकवर येणें आणि शून्यावरून अधिक एकवर जाणें हीं दोन अंतरें सारखीं आहेत असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं; पायऱ्यांना आंकडे दिले म्हणून त्यांची बेरीज-वजाबाकी करावी काय, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ घेत आले आहेत. तो आक्षेप सयुक्तिक आहे. म्हणून घरच्यांनीं तरी बेरजेच्या नादीं लागूं नये. तीन पायऱ्या तीन ठिकाणीं वाचाव्या.

दुसरा धोका माणसाच्या स्वभावांतील आहे. मॅट्रिकचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांचे फॉर्मच अडवून धरणारे हेडमास्तर आणि त्या निकालावर खूष होणारे दिपोटी जुन्या मंडळींच्या स्मरणांत असतील. उपचारांतही तसेंच होऊं शकतें. उद्दिष्ट जर उपचार करणाऱ्यानेंच ठरवावयाचें आणि तें साधलें कीं नाहीं तेंही त्यानेंच पाहावयाचें, तर सोपें उद्दिष्ट धरण्याचा मोह कोणास होणार नाहीं? ही चलाखी उघडकीस आणण्याची सोय मात्र या पद्धतींतच आहे. पुष्कळ रोग्यांची सरासरी काढली तर ती पन्नासाच्या आसपास यावयास पाहिजे. एखाद्या ठिकाणीं ती नेहमींच साठाच्या वर असेल तर तेथील उपचार अद्भुत आहेत असें म्हणण्यापूर्वीं तेथील अपेक्षा किती बेताच्या आहेत तें तपासावें. आणि ती नेहमींच चाळीस असेल तर रोग्यांना खोटी आशा दाखविली जात आहे असें समजावें.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक: उद्दिष्ट कोणाचें? सुनेला रात्रींची झोंप हवी आहे. तिचें मागणें क्षुल्लक नव्हे. दिवसभर कामावर जाऊन रात्रीं दोनदां उठणारी बाई किती दिवस तग धरील? सासऱ्याला सही हवी आहे. दोन्ही उद्दिष्टें वहींत यावींत, पण एकाच्या नांवावर दुसऱ्याचें चढवूं नये. 'बाबांना रात्रीं एकट्यानें उठतां यावें' हें वाक्य बाबांचें कीं सुनेचें, तें त्यापुढें लिहिलेलें असावें. १९९१ सालीं कॅनडांत तयार झालेल्या एका मापांत रोग्यानें स्वतःच्या अडचणी स्वतः सांगावयाच्या, त्यांचें महत्त्व ठरवावयाचें आणि मग प्रत्येकीला दहापैकीं दोन वेगवेगळे गुण द्यावयाचे असतात. एक, तें काम कितपत जमतें याचा, आणि दुसरा, त्यांत समाधान कितपत आहे याचा. हे दोन गुण पुष्कळदां एकमेकांशीं जुळत नाहींत, हें ज्यानें कोणा आजाऱ्याची सेवा केली आहे त्यास सांगावयास नको.

हा सारा विचार परदेशांतून आला असें मात्र समजूं नये. वऱ्हाड-नागपूर प्रांताला याची ओळख दुसऱ्या वाटेनें, कुष्ठरोगाच्या कामांतून, फार पूर्वींच झाली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं काम आरंभिलें. अमरावतीजवळ तपोवन शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं उभें केलें. नागपुरांत कायद्याचें शिक्षण घेतलेल्या बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि १९५१ सालीं वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानांत आनंदवन सुरू झालें. या रोगाचें वैद्यकीय माप म्हणजे त्वचेंतील जंतु. तपासणींत जंतु आढळेनासे झाले कीं रोगी निर्जंतुक ठरे. पण त्या कागदाचें त्यानें करावयाचें काय? हाताच्या नसा मेलेल्या, बोटें झिजलेलीं, घरचें दार बंद, गांवांत पाणवठ्यावर मज्जाव. निर्जंतुक ठरलेला माणूस भीक मागत असेल तर त्याला बरा म्हणावें काय, हा प्रश्न या मंडळींनीं विचारला. आनंदवनानें त्याचें उत्तर शेतांत आणि कारखान्यांत दिलें: जो स्वतःच्या श्रमानें मिळवून खातो तो बरा.

हें माप जंतूंच्या मापाहून कितीतरी माणुसकीचें आहे. तरीही तें सर्वांस एकच आहे, हें विसरतां येत नाहीं. कोणा म्हाताऱ्या बाईला कमाईपेक्षां नातवाच्या लग्नांत पंगतीला बसतां येणें हेंच बरें होणें वाटत असेल.

१९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविल्यापासून या रोगाचें रूपच पालटलें. आतां जंतु कमी असणाऱ्यांस सहा महिने व अधिक असणाऱ्यांस बारा महिने औषध मोफत मिळतें आणि तेवढी मुदत पुरी झाली कीं रोग्याचें नांव उपचाराच्या यादींतून कमी होतें. दर दहा हजारांमागें एकाहून कमी रोगी, हें राष्ट्रीय उद्दिष्ट भारतानें २००५ च्या अखेरीस गांठलें. ही मोठीच मजल होय. पण यादींतून नांव कमी झालेल्या बाईच्या हाताला चुलीवरच्या भांड्याचा चटका अजूनही कळत नसेल, तर तिचा प्रवास अर्ध्यावरच आहे. आणि ज्या दप्तरांत तिची नोंद होती तें दप्तर बंद झालेलें आहे. याच जाणिवेनें २००६ सालीं एक अठरा प्रश्नांचें माप प्रसिद्ध झालें. त्याच्या तयारींत भारतांतील रोग्यांचाही भाग होता. त्यांत जंतूंविषयीं अक्षर नाहीं. तुझ्या बरोबरीच्या माणसांना जितकी कामाची संधि मिळते तितकी तुला मिळते काय, त्यांच्याइतकेंच तूं गांवांत वावरतोस काय, अशा धर्तीचे प्रश्न त्यांत आहेत. तुलना निरोग्यांच्या एखाद्या आदर्शाशीं नसून शेजारच्या माणसाशीं आहे, ही त्यांतली खुबी.

मनाच्या आजारांत तर आंकडे अधिकच फसवे. कानांत आवाज ऐकूं येणाऱ्या एखाद्या तरुणाचे आवाज औषधानें पूर्ण थांबले नाहींत, पण ते येत असतांनाही तो सीताबर्डीपर्यंत बसनें जाऊन दुकानांत दिवसभर काम करूं लागला, तर लक्षणांच्या तक्त्यांत त्याची प्रगति थोडी दिसेल आणि त्याच्या आईच्या डोळ्यांना फार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, घर नाहीं किंवा घरचे घेत नाहींत एवढ्याच कारणावरून कोणासही रुग्णालयांत ठेवतां येणार नाहीं. कायदा झाला, आतां प्रत्येकाच्या वहींत 'घरीं जाणें' हें उद्दिष्ट कोणत्या पायऱ्यांनीं गांठावयाचें तें लिहावें लागेल, आणि त्या पायऱ्या चढण्याचें अर्धें काम रोग्याकडे नसून त्याच्या भावांकडे, शेजाऱ्यांकडे आहे.

घरीं अशी वही ठेवूं इच्छिणाऱ्यांसाठीं कांहीं व्यावहारिक गोष्टी. उद्दिष्टें तीन-चारांहून अधिक नसावींत. तीं रोग्याच्या तोंडच्या शब्दांत लिहावींत. 'हस्तकौशल्यांत वृद्धि' असें न लिहितां 'सही' असें लिहावें. मुदतीची तारीख आरंभींच कॅलेंडरावर खूण करून ठेवावी आणि त्या तारखेच्या आधीं रोज उठून मोजूं नये. रोज मोजल्यानें रोगी परीक्षार्थी बनतो. मध्येंच उद्दिष्ट बदलावेंसें वाटलें तर जुनें खोडून टाकूं नये, त्यावर एक रेघ मारून खालीं तारखेसह नवें लिहावें. आणि मोजण्याच्या दिवशीं शक्य तर घरचा नसलेला कोणी, शेजारचे मास्तर किंवा वकील, बोलावून त्याजकडून पायरी वाचून घ्यावी. ममतेला आंकडे नेहमीं अधिकच दिसतात.

एक बाब उरली. कंपवात किंवा स्मृतिभ्रंश यांसारख्या कांहीं आजारांत सुधारणेची अपेक्षाच नसते. तेथें हें माप लागू नाहीं असा कित्येकांचा समज आहे, पण तो चुकीचा आहे. शून्य म्हणजे प्रामाणिक अपेक्षा. आणि अपेक्षा घसरणीची असेल तर शून्यावर घसरणच लिहावी. आज जो वृद्ध संध्याकाळीं तासभर ओट्यावर बसून रस्ता पाहतो, तो सहा महिन्यांनीं अर्धा तास बसूं शकेल अशी वैद्याची अपेक्षा असेल तर अर्धा तास हें शून्य होय. सहा महिन्यांनीं तो पाऊण तास बसला, तर त्याच्या वहींत त्या दिवशीं अधिक एक लिहावयाचें असतें.